मुंबईची सुहेली

पावसाळ्यात घराचं लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना? खांदा लावून ढकलावं लागतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, म्हणून. आता गंमत ऐका. याच फुगण्याच्या जोरावर लाकडी होडी समुद्रात टिकते! फळ्या भिजतात, एकमेकींना घट्ट दाबून बसतात आणि मधल्या फटी बुजतात.

अशीच एक शिडाची बोट आपल्या मुंबईत बांधली गेली. नाव सुहेली. लांबी जेमतेम ३२ फूट, एसटीच्या गाडीपेक्षाही लहान. सगळी सागवानी. सुतारांनी वाकसाने लाकूड तासलं, दोरी ओढून फिरवायच्या सामत्याने भोकं पाडली. डिसेंबर १९६४ मध्ये नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फुटला आणि सुहेली पाण्यात उतरली.

१४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे दर्यावर्दी तिला घेऊन इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून एकटेच निघाले. शर्यत अशी, की कुठल्याही बंदराला न लागता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं!

थोड्याच आठवड्यांत बोटीत पाणी येऊ लागलं. रॉबिननी बुडी मारली, तर पाण्याखाली एक लांबच लांब फट! श्वास रोखून ते फटीत कापूस ठोकू लागले. दम संपला की वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. पण तेवढ्यात कापूस निसटायचा. मग त्यांनी कापूस जाड कापडाच्या पट्टीवर शिवला, पट्टी फटीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच शार्क आला, तेव्हा त्यांना पाण्याबाहेर यावं लागलं. बोट मात्र वाचली.

पुढे वादळांनी बोट आडवी केली, पिण्याच्या पाण्यात खारं पाणी शिरलं, रेडिओ बंद पडला. सुहेलीचा वेग ताशी सरासरी साडेसात किलोमीटर. तुम्ही सायकलवर तिला सहज मागे टाकाल! तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फालमथला परतली. नऊ जण निघाले होते. शर्यत पूर्ण केली एकट्या सुहेलीने.

पुढे तिला लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात मानाने ठेवलं. पण तिथली हवा कोरडी! ज्या फळ्या वादळांना पुरून उरल्या, त्या आता सुकून आकसू लागल्या. बोटीची खरी जागा पाण्यातच. २००२ मध्ये रॉबिननी तिला बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा समुद्रात सोडलं.

आता तुमचं काम. घरातलं एखादं लाकडी दार निवडा. दार आणि चौकट यांच्यामधली फट मे महिन्यात फुटपट्टीने मोजा, जुलैत पुन्हा मोजा आणि फरक किती आला ते आम्हाला लिहून कळवा.