टोचनाची जीप आणि डिझेलचे इंजिन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

चिपळूणहून कराडकडे जाताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. घाटाच्या पायथ्याशी आमचे छोटे गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केले, पुढे मी चालवले आणि आता पुतण्या चालवतो. घाटात गाडी बंद पडली की लोक आम्हाला बोलावतात. ज्याला आपण सगळे ‘टोचन’ म्हणतो, ते आमचे काम. या कामासाठी आमच्याकडे एकच जीप आहे आणि तिचे पेट्रोलचे इंजिन काढून मी डिझेलचे बसवले, त्याला आता तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत जे शिकलो, ते आज सांगणार आहे. त्यातले काही सुखाचे आहे, काही नाही.

जीप वडिलांनी लिलावात घेतली. उंच बॉनेटची, म्हणजे सीजे थ्री बी. मुंबईत माझगावला १९४७ नंतर महिंद्रांनी विलिस जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. तिचे बॉनेट उंच, कारण आतले हरिकेन इंजिनच उंच. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, पेट्रोलवर चालणारे. इंजिन उत्तम होते. त्याला दोनच खोडी होत्या. पहिली म्हणजे पेट्रोल. रिकामी चालली तर लिटरला सात किलोमीटर आणि मागे गाडी बांधली की चार. दुसरी खोड आमच्या कोकणातली. जुलैच्या पावसात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगी पडायची नाही. बंद पडलेली गाडी आणायला गेलेली जीपच बंद पडायची आणि लोक हसायचे.

१९९४ साली डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता. त्या काळी गावोगावी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेलची इंजिने बसवली जात होती. कुणी मॅटाडोरचे बसवी, कुणी प्यूजोचे. हे प्यूजोचे इंजिन म्हणजे फ्रान्सच्या कंपनीच्या परवान्याने महिंद्रांनी इगतपुरीला बनवलेले, २११२ सीसीचे आणि ६२ अश्वशक्तीचे. मला तेच मिळाले, मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात. एका मोडलेल्या जीपमधून काढलेले होते. नवे पिस्टन-रिंग घातले, नोझल तपासून घेतले आणि ट्रकमधून घरी आणले.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘डिझेलमध्ये ताकद जास्त’ असे सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो. पण कागद पाहिला तर माझ्या जुन्या पेट्रोल इंजिनाची अश्वशक्ती सत्तरच्या वर आणि नव्याची ६२. म्हणजे ताकद कमीच झाली. मग ओढायला बरे का वाटते? डिझेलच्या पंपात गव्हर्नर असतो. चढावर इंजिन मंदावू लागले की तो आपणहून डिझेल वाढवतो. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी जीप बंद न पडता बैलासारखी सावकाश चढत राहते. ओढताना धक्का बसत नाही, क्लच जळत नाही. हा गुण खरा आहे, पण त्याला जास्तीची ताकद समजू नये.

इंजिन बदलणे म्हणजे विहिरीवरची मोटर बदलण्यासारखे आहे, असे मला तेव्हा वाटले होते. तसे नसते. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत. मध्ये एक जाड प्लेट लागते. ती मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. तिथले मिस्त्री मला म्हणाले, “प्लेट कोणीही कापील, पण मध्य चुकला तर वर्षाला क्लच खाईल.” इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत हवेत, केसाइतकाही फरक चालत नाही. माझी पहिली प्लेट चुकली होती. आठ महिन्यांत बेअरिंग ओरडू लागले आणि सगळे पुन्हा खाली उतरवावे लागले.

मग वजन. डिझेलचे इंजिन जड असते, कारण त्याला जास्त दाब सोसायचा असतो. पेट्रोल इंजिनात आत आलेली हवा साधारण सातपट दाबली जायची, यात बावीसपट. त्या दाबानेच हवा इतकी तापते की डिझेल फवारताच पेट घेते, ठिणगी लागत नाही. म्हणून पावसाची ओल त्याला अडवत नाही. पण त्या दाबाची किंमत सगळी गाडी मोजते. पुढचे पाटे बसले, एक पाटा वाढवावा लागला. थरथरीने रेडिएटरचे डाग सुटले, सायलेन्सरचा पाइप दोनदा तुटला, आरशात मागचे काही दिसेना. इतके दाबलेले इंजिन फिरवायला स्टार्टर मोठा लागतो, म्हणून बॅटरीही मोठी घ्यावी लागली. थंडीत सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचे. आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, बंद करायची वेगळी दांडी ओढावी लागते. वडिलांना ती सवय शेवटपर्यंत लागली नाही. ते चावी खिशात घालून घरात यायचे आणि बाहेर जीप चालूच.

एवढे सोसूनही आम्ही खूश होतो. लिटरला अकरा-बारा किलोमीटर मिळत होते, मागे गाडी असली तरी आठ. दोन वर्षांत खर्च वसूल झाला. पण ज्या गोष्टीचा विचार करायला हवा होता, ती आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही.

आमच्या कामाचा नकाशा पाहा. गाड्या बंद पडतात त्या बहुतेक चढताना, घाटमाथ्याच्या जवळ, इंजिन तापून. आम्ही पायथ्याला. म्हणजे जीप घाट चढते ती रिकामी आणि उतरते ती मागे गाडी बांधून. ओढण्याची ताकद आम्हाला फारशी लागतच नाही. आमचे खरे काम धरून ठेवण्याचे. आणि इंजिन निवडताना आम्ही बोललो ते फक्त ओढण्याबद्दल.

पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि मिटलेल्या दारातून हवा ओढताना इंजिनाची दमछाक होते. उतारावर तीच आपल्याला धरून ठेवते. माझ्या डिझेल इंजिनाला ते दार नाही. हवा मोकळी आत येते, दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. धरले जाते ते घर्षणाने आणि थोडेसेच. म्हणून तर डिझेलच्या मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. वडिलांनी वीस वर्षे कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये उतरला होता. मलाही तीच सवय.

१९९६ च्या जुलैमध्ये रात्री एक मोठी गाडी आणायला गेलो. प्रवासी एसटीने पुढे पाठवले, सामान गाडीतच होते. लोखंडी दांड्याने गाडी जोडली. पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागलो. जीप पूर्वीसारखी धरत नव्हती, म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तो तसाच राहिला. तिसऱ्या-चौथ्या वळणाला लायनर जळल्याचा वास आला. त्यापुढच्या वळणाला पॅडल खाली गेले आणि काही झालेच नाही.

मागची गाडी बंद इंजिनाची. इंजिन बंद असले की त्या गाडीच्या ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची शक्ती नसते. दोन वेळा दाबले की पॅडल दगडासारखे होते. पुतण्या दोन्ही पायांनी दाबत होता, हे त्याने नंतर सांगितले. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो उभी गाडी धरायला आहे. ओढला, त्याचा धूर झाला. एका बाजूला दरी होती. मी जीप डोंगराच्या बाजूला गटारात घातली. जीप थांबली, मागची गाडी आडवी होऊन कातळावर आदळली. पुतण्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तेवढ्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यात मला म्हणाल्या, “भावजी, इंजिन नवं घातलंत, मग ब्रेक जुनेच का ठेवलेत?” त्यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोष कोणत्याही कंपनीचा नव्हता आणि मिस्त्रीचाही नव्हता. तो माझाच होता.

त्यानंतर जीप चार महिने उभी होती. पुढच्या चाकांना नंतरच्या मॉडेलचे मोठे ब्रेक घातले. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर बसवला. पेट्रोल इंजिनात झडपेमुळे व्हॅक्यूम फुकट मिळतो, डिझेलला त्यासाठी पंप लागतो. आमचा पंप डायनामोच्या मागे बसलेला आहे आणि तो पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला तर नुसती बॅटरी उतरत नाही, ब्रेकही जड होतात. म्हणून घाटात जाण्याआधी पट्टा हाताने दाबून पाहायचा, हा आमच्याकडे नियम आहे.

आणि उतरण्याची पद्धत बदलली. जीपला ‘लो’ असते, म्हणजे ट्रान्स्फर केसमधला जादा गिअर. त्याने वेग जवळपास अडीचपट कमी होतो आणि इंजिनाची पकड तेवढीच वाढते. तो घाटमाथ्यावर उभे राहूनच टाकायचा, वाटेत नाही. मात्र यातही मेख आहे. या जीपमध्ये पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडत नाही. चारही चाके जोडलेली असली की कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या आणि मागच्या दांड्यांची ओढाताण होते, कारण वळणावर पुढची चाके जास्त अंतर चालतात आणि ती तफावत सोसणारी सोय मध्ये नाही. म्हणून पुढच्या चाकांना मोकळे करता येणारे हब बसवले. कोरड्यात ते मोकळे ठेवतो, पावसात ओल्या रस्त्यावर जोडतो. १९८९ च्या नियमावलीत टोचनाला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती आणि दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको असे होते. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण मी उतारावर पंधराच्या वर जात नाही. अर्ध्या घाटात थांबून ड्रम किती तापले ते पाहतो. मागे वाहने हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

या इंजिनाने साथही मोठी दिली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा पाण्यात मी जीप घातली नाही. डिझेलला ओलीचे भय नसले तरी हवेच्या नळीतून पाणी आत गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावर मात्र आम्ही कितीतरी दिवस चिखलात रुतलेल्या गाड्या ओढत होतो. लोकांना एकच सांगत होतो, बाबांनो, चावी फिरवू नका, आहे तशी बांधा.

आता प्रश्न येतो, आज कुणी असा बदल करावा का? माझे उत्तर नाही असे आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही. कायद्याचेही पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते. मी १९९४ मध्ये मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आणि इंधन आरसी बुकात चढवले होते, म्हणून अपघातानंतर विम्याच्या माणसापुढे मान वर करून उभा राहू शकलो. पुढे कलम कडक झाले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाही. तेव्हा ‘कोण बघतंय’ म्हणून इंजिन घालू नका.

पण ज्यांच्याकडे अशी जुनी जीप आहेच, तिच्यामागे ट्रॉली नाही तर गाडी बांधायची आहे, त्यांनी आधी ओढण्याचा नव्हे, थांबण्याचा विचार करावा. घाट चढता आला नाही तर माणूस वाटेत बसून राहतो, फार तर रात्र काढतो. उतरता आला नाही तर काय होते, ते मी पाहिले आहे.

पुतण्या आता स्वतः जीप घेऊन जातो. पावसाळ्यात खांदा दुखतो म्हणतो. मागच्या गाडीत बसवायला त्याने एक पोरगा ठेवला आहे. माथ्यावर दांडा जोडून झाला की तो आधी खाली उतरून हब पाहतो, लो टाकतो आणि मग पोराला हाक मारतो, “बस आता.” मी घरी असलो तरी त्या वेळी मला जीपचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.