बेनिन ब्राँझशिल्पांचे प्रत्यर्पण

नायजेरियातील प्राचीन बेनिन राज्याच्या राजधानीतून ब्रिटिश सैन्याने १८९७ मध्ये लुटून नेलेल्या कलावस्तू परत करण्यासंबंधीचा वाद. दाहोमी हे नाव बदलून बेनिन झालेल्या शेजारच्या प्रजासत्ताकाशी या राज्याचा संबंध नाही. ‘ब्राँझ’ हे नाव रूढ झाले असले, तरी यांतील बहुसंख्य वस्तू पितळी आहेत. हस्तिदंती व लाकडी वस्तूंचाही त्यांत अंतर्भाव होतो.

या वस्तू राजाच्या (ओबाच्या) आज्ञेने वंशपरंपरागत ओतारी घडवीत. मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी धातुरस ओतीत. दिवंगत ओबांची शिरे पूर्वजांच्या वेदीवर ठेवीत. राजवाड्याच्या खांबांवरील पटांत ओबा, सरदार, पोर्तुगीज व्यापारी इत्यादींच्या आकृती कोरीव तपशिलासह आढळतात. लेखनविद्या नसलेल्या या दरबाराची ती बखरच होय. त्यामुळे लुटीने केवळ शोभेच्या वस्तू गेल्या असे म्हणता येत नाही.

व्यापारावरील ओबाच्या नियंत्रणावरून ब्रिटिशांशी तंटा विकोपास गेला. जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फिलिप्स हा अधिकारी ओबाचा निरोप डावलून निघाला असता त्याच्या तुकडीतील बहुतेक जण मारले गेले. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश फौजेने शहर घेतले, राजवाडा जळाला. ओबा ओव्होनराम्वेन यास कॅलाबार येथे हद्दपार करण्यात आले व तेथेच तो १९१४ मध्ये मरण पावला. लुटीचा काही भाग मोहिमेचा खर्च भागविण्यासाठी विकण्यात आला. अशा रीतीने या वस्तू यूरोप-अमेरिकेत विखुरल्या. ब्रिटिश म्यूझीयममध्ये त्यांपैकी नऊशेहून अधिक आहेत.

परत करण्याविरुद्ध मुख्य आधार १९६३ च्या ब्रिटिश म्यूझीयम कायद्याचा घेतला जातो. त्यान्वये संग्रहातील वस्तू काढून टाकण्यास विश्वस्तांना फारच थोडी मुभा आहे. तथापि याच संग्रहालयाने १९५० नंतर काही पट जादा नमुने म्हणून विकले व त्यांतील काही खुद्द नायजेरियानेच पैसे मोजून घेतले, हे पाहता हा आधार वाटतो तितका भक्कम नाही. लागोसच्या १९७७ च्या आफ्रिकी कला महोत्सवाचे बोधचिन्ह असलेला राजमाता इडियाचा हस्तिदंती मुखवटा उसनादेखील मिळाला नाही. युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नसल्याने येथे निरुपयोगी ठरतो.

जर्मनीने २०२२ मध्ये अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपविण्याचे मान्य केले. अनेक वस्तू मात्र उसनवारीने तेथेच राहिल्या. नेदर्लंड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. दरम्यान वस्तू नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न नायजेरियातच उभा राहिला. मार्च २०२३ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने परत येणाऱ्या वस्तूंची मालकी विद्यमान ओबाकडे दिली. त्यावर काही यूरोपीय संस्थांनी हात आखडता घेतला. वस्तुतः त्या ओबाच्याच पूर्वजाकडून लुटलेल्या होत्या. बेनिन सिटीत उभारलेल्या पश्चिम आफ्रिकी कलेच्या नव्या संग्रहालयाचा पूर्वदर्शन-समारंभ नोव्हेंबर २०२५ मध्ये, ते ओबाच्या अधिकाराखाली असावे अशी मागणी करणाऱ्या निदर्शकांनी उधळून लावला.