नाटकाची तालीम, मराठीची तालीम: पनवेलच्या नाट्यगृहात आपल्या मुलांचं संगीत बालनाट्य कसं उभं राहतं?

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे नाटकाचा सराव. शब्द एकच, अरबीतून दोन्हीकडे आलेला. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना हे दोन्ही अर्थ एकाच तासात वापरता आले तर काय होतं, ते आज सांगायचं आहे.

आधी अडचण सांगतो. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली आपली मुलं मराठीचा पेपर व्यवस्थित लिहितात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण उर्दू शाळांत ती त्याआधीपासूनच शिकवली जाते. प्रश्न पेपरचा नाहीच. हीच मुलं अकरावीला कॉलेजात जातात, तहसील कचेरीत दाखला मागायला उभी राहतात, नोकरीच्या मुलाखतीला बसतात, आणि तोंड उघडायची वेळ आली की गप्प होतात. "सर, समजता है, बोलने को नहीं होता," हे वाक्य आम्ही किती वर्षं ऐकतोय! लोक हसतील ही भीती असते, आणि कधीकधी लोक हसतातही.

चार लोकांसमोर मराठी बोलण्याचा सराव शाळेत कुठे होतो? भाषणस्पर्धेत एक-दोन मुलं बोलतात, बाकीची टाळ्या वाजवतात. संगीत बालनाट्यात मात्र तीस-चाळीस मुलं एकाच वेळी मराठीत तोंड उघडतात. एकटा अडखळणारा मुलगा घोळक्यात बिनधास्त गातो.

आमच्या मुलांचं मराठी नेमकं कुठे अडतं, ते वर्गात रोज दिसतं. उर्दूत ळ नाही, ण नाही. म्हणून शाळेची 'शाला' होते आणि गुळाचा 'गूल'. बोलताना हा ळ घाईत निसटतो. गाण्यात सूर त्या अक्षरावर थांबतो, जीभ मागे वळवायला वेळ मिळतो. फळ्यावर पन्नास वेळा लिहून जे होत नाही ते एका चालीत होतं. दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोनच लिंगं आणि किताब स्त्रीलिंगी, त्यामुळे मूल 'माझी पुस्तक' म्हणतं. गाण्यात 'माझं पुस्तक' एकदा बसलं की निघत नाही. तिसरी गोष्ट 'आपण' आणि 'आम्ही' यांची. उर्दूत दोन्हीला 'हम'. मराठीत 'आम्ही जातो' म्हटलं तर समोरचा मागे राहिला, 'आपण जाऊ' म्हटलं तर तोही सोबत. व्याकरणाच्या तासाला हे समजावताना आमचा घसा बसतो. रंगमंचावर समोर उभ्या मैत्रिणीचा हात धरून वाक्य म्हणायचं आहे की तिला सोडून निघायचं आहे, हे ठरलं की योग्य शब्द आपोआप येतो.

एका बाबतीत आपली मुलं पुढेही आहेत. मराठीतले जरा, मजा, बाजार, जास्त हे शब्द ज्या 'ज'ने उच्चारतात तो आपल्या मुलांच्या तोंडी घरातूनच असतो, कारण उर्दूत त्याच्या अगदी जवळचा 'ज़' आहे. इंग्रजी माध्यमातली मराठी मुलं तिथे चुकतात. हे मुलांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघावेत.

काही पालकांना वाटतं, संगीत नाटक ही आपली चीज नाही. इतिहास वेगळं सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला, आणि तिथून मराठी संगीत नाटक सुरू झालं. त्याची प्रेरणा त्यांना एका पारशी कंपनीच्या 'इंद्रसभा'वरून मिळाली, असं नाट्येतिहासात सांगतात. ही 'इंद्रसभा' म्हणजे लखनऊच्या आगा हसन अमानत यांची उर्दू संगीतिका. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव गायले. मराठी रंगमंचाच्या दारात आपण नवखे उभे नाही.

मुलांच्या नाटकाचा रस्ताही मराठीत तयार आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुलांसाठी लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'सारखी बालनाट्यं लिहिली. आमच्या कामाचं उदाहरण मात्र सुलभा देशपांडे यांचं. त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'आविष्कार' संस्थेच्या 'चंद्रशाळा' या मुलांच्या विभागातून त्यांनी कितीतरी मुलं घडवली, आणि 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य तर मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या करत आल्या. त्यात एक हिरो आणि बाकी झाडं, असा प्रकार नाही. मुलांचा मोठा समूह सगळं नाटक खांद्यावर घेतो. शाळेसाठी हाच नमुना योग्य, कारण शाळेत 'माझ्या मुलाला काम का नाही' हा प्रश्न येतोच येतो.

गोष्ट कोणती घ्यायची? आम्ही 'म्हातारी आणि भोपळा' घेतली. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन परत येणारी म्हातारी, वाटेत टपलेले वाघ-कोल्हे आणि भोपळ्यात बसून केलेला प्रवास. नाव उच्चारतानाच ळ येतो, हे आमचं खरं कारण. दुसरं असं, की ही लोककथा आहे, तिचा कुणी एक लेखक नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही.

परवानगीबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण शाळा यात फार गाफील असतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. इस्माईल मेरठी 1917 मध्ये वारले, अल्लामा इक्बाल 1938 मध्ये. त्यांच्या कविता आता कुणीही मंचावर आणू शकतं. पण डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू खां की बकरी' आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट असली, तरी ते 1969 मध्ये वारले, म्हणजे 2029 संपेपर्यंत परवानगी घ्यायला हवी. मतकरी तर 2020 मध्ये गेले. सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवले की चालतं, असं अनेकांना वाटतं. चालसुद्धा कुणाची तरी असते. शाळेतल्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच प्रेक्षक असतील, तर कॉपीराइट कायद्याचं कलम 52 सवलत देतं. नाट्यगृहात बाहेरच्यांना बोलावलं, तिकीट लावलं, की ती सवलत गृहीत धरू नये. आम्ही सोपा मार्ग काढला. गाणी आम्हीच लिहिली, आणि चाली एका विद्यार्थिनीच्या नानीकडून आल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांनी कोकणात लहानपणी ऐकल्या होत्या.

आता घरातला प्रश्न. वाद्यांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि शाळेने त्यात पडू नये असं आमचं मत आहे. पहिल्याच पालकसभेत आम्ही सांगून टाकलं: मुलांचे आवाज, टाळ्या आणि डफ, एवढंच संगीत. ज्यांना तेही नको, त्यांच्या मुलांना संवादाचं किंवा पडद्यामागचं काम. असं ठरवल्यावर नाटकाचं काही बिघडलं नाही, उलट शब्द जास्त स्वच्छ ऐकू आले. कीबोर्ड असता तर ळ त्याखाली पुन्हा दबला असता! आधी गाणी रेकॉर्ड करून मंचावर नुसते ओठ हलवायचे, ही आजकालची पद्धत आमच्या कामाची नव्हती. मूल बोललंच नाही, तर एवढा खटाटोप कशासाठी?

मुलींच्या बाबतीत पालक जे विचारतात ते रास्त असतं, त्याची उत्तरं आधी तयार हवीत. कपडे पूर्ण बाह्यांचे. जिला स्कार्फ हवा तिची भूमिका स्कार्फसह. म्हातारीच्या लेकीच्या डोक्यावर ओढणी असली म्हणून गोष्ट बदलत नाही. मुलींच्या मेकअप रूममध्ये फक्त शिक्षिका आणि आया, रंगभूषेलाही बाईच. फोटो आणि व्हिडिओ कुठे टाकायचे, टाकायचे की नाही, हे लेखी विचारून घ्यावं. एका वडिलांनी आम्हाला सांगितलं, "सर, गाणं गाऊ दे, पण फेसबुकवर नको." आम्ही तेवढं पाळलं, मग दुसऱ्या मुलीसाठी ते स्वतः आले.

तालमीला आठ आठवडे धरावेत. सकाळी शाळा, त्यानंतर मकतब, म्हणून असरनंतर ते मगरिबच्या आधी एवढाच वेळ हाती राहतो. थंडीच्या दिवसांत तो जेमतेम तास-सव्वा तास. पुरतो, जर रोज वेळेवर सुरू केलं तर. रमजान आणि परीक्षा यांच्या तारखा कॅलेंडरवर आधी खुणावून मगच प्रयोगाची तारीख शोधावी. बालकलाकारांसाठी सरकारी नियमांत दिवसाला 5 तास आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तास ही कमाल मर्यादा आहे. ती व्यावसायिक कामासाठी असली तरी शेवटच्या आठवड्यात, सगळे पेटलेले असतात तेव्हा, आठवणीत ठेवावी.

पहिले दोन आठवडे नुसती गाणी. हातात कागद द्यायचाच नाही, ऐकून पाठ करायचं. कागद दिला की मुलं पुन्हा पेपर लिहायच्या मूडमध्ये जातात. संवाद तिसऱ्या आठवड्यापासून. संवाद लिहिताना आम्ही म्हातारीला थोडी कोकणी बोली दिली, आणि ज्या मुलांच्या घरी कोकणी बोलतात ती एकदम खुलली. घरची बोली लपवायची असते, असं त्यांना तोवर वाटत होतं.

पनवेलमध्ये मोठा रंगमंच म्हणजे महापालिकेचं आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. ज्यांचं नाव त्याला आहे ते फडके इथल्याच शिरढोणचे, हे मुलांना जाता जाता सांगावं. नाट्यगृह सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. भाडं आणि अनामत किती, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे वेगळे किती, सत्र संपल्यावर जास्तीचा वेळ लागला तर काय, हे कार्यालयात जाऊन लेखी घ्यावं. फोनवर ऐकलेल्या आकड्यावर वर्गणी गोळा करू नये. शिवाय राज्यात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मुलांचं नाटक आहे, कोण विचारतं, असं म्हणू नये. संहिता दोन महिने आधी पाठवलेली बरी.

बुकिंगला जाल तेव्हा मंचाची रुंदी आणि खोली मोजून आणा, आणि शाळेच्या मैदानावर त्याच मापाचा चौकोन चुन्याने आखा. विंगा कुठे, तेही आखा. वर्गात बसवलेलं नाटक मोठ्या मंचावर हरवून जातं. भोपळ्याला वर्गात चार पावलं लागत असतील तर तिथे बारा लागतात, आणि गाणं मात्र चार पावलांत संपलेलं असतं.

रंगीत तालीम त्याच मंचावर घ्यायची तर एका सत्राचं भाडं जास्त पडतं. पहिल्या वेळी आम्ही ते वाचवलं. ती आमची चूक. दोन प्रवेशांच्या मधे अंधार होतो हे मुलांना सांगितलेलं होतं, पण दाखवलेलं नव्हतं. पहिल्याच अंधारात तिसरीतला कोल्हा विंगेत रडायला लागला आणि त्याचा आवाज माइकवरून सगळ्यांनी ऐकला. त्याची अम्मी तिसऱ्या रांगेतून उठली. सुदैवाने म्हातारी झालेल्या मुलीने त्याचा हात धरला आणि आपल्या मनानेच म्हणाली, "चल रे कोल्होबा, आपण दोघं जाऊ." संहितेत हे वाक्य नव्हतं. 'आपण' तिने बरोबर वापरलं होतं. प्रेक्षक हसले, पण त्या हसण्याची भीती तिला वाटलेली दिसली नाही.

त्यानंतर आम्ही मंचाच्या कडांना आणि विंगेच्या वाटेवर अंधारात चमकणारी रेडियमची पट्टी चिकटवतो, अंधार चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि प्रत्येक विंगेत एक मोठं माणूस उभं करतो. समूहगानाची मुलं मंचाच्या एका बाजूला दोन उभ्या माइकसमोर बसवतो. फिरणाऱ्या पात्रांसाठी कॉलरचे माइक भाड्याने महाग पडतात, पाच पात्रांना पुरतील एवढेच घ्यावेत.

भोपळा कागदाच्या लगद्याचा होता, आतून बांबूच्या कामट्या. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना आहे, त्यांनी खाली चाकं लावून दिली. कपडे मोहल्ल्यातल्या बायकांनी शिवले. ज्या घरांनी पोरांना पाठवायला सुरुवातीला नकार दिला होता, त्यांतल्या दोन घरांतूनही शिवलेले अंगरखे आले. आम्ही कारण विचारलं नाही.

यंदा ज्या शाळांना किंवा जमातींना हे करून पाहायचं असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की शनिवार-रविवारच्या तारखा सगळ्यात आधी जातात. कामाच्या दिवसाचं सकाळचं सत्र सहज मिळतं, मुलं ताजीतवानी असतात, आणि जोहरच्या आत सगळं आवरून घरी जाता येतं.