राक्षसाची बायको आणि यमुनेचा प्रवास

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, याचं उत्तर आपण शाळेत पाठ केलेलं असतं: बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल १८५७. परीक्षेपुरतं एवढं पुरतं, आणि त्यामुळे खरी नवलाची गोष्ट नजरेआड राहते. ही कादंबरी ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा म्हणून लिहिलेली आहे. मराठी कादंबरी ज्या वाटेनं आजवर चालत आली, त्या वाटेच्या तोंडाशी एका नवख्रिस्ती तरुणाची प्रचारकथा उभी आहे. बंगालीतही तसंच काहीसं घडलं. कलकत्त्यात जन्मलेल्या हॅना कॅथरिन म्यूलेन्स या मिशनरी बाईंनी १८५२ साली फुलमणी आणि करुणा या दोन ख्रिस्ती बायकांची गोष्ट बंगालीत लिहिली. ती पुढे मलयाळममध्ये गेली आणि तिथल्या कथात्म गद्याच्या आरंभीच्या पुस्तकांत गणली गेली. कीर्तन, आख्यान, बखर, लावणी एवढं सगळं हाताशी असलेल्या या देशात साध्या घरातल्या साध्या माणसांची लांबलचक गद्य गोष्ट छापायची रीत रुळली, त्यात मिशनच्या छापखान्यांचा हात मोठा आहे.

पण ख्रिस्ती कथा-कादंबरी वाचायची आणि तिच्यावर लिहायचं म्हटलं की गाडी दोन ठिकाणी अडते. श्रद्धावान वाचक शिकवण नीट आहे ना, एवढं तपासून पुस्तकाला शाबासकी देतो. दुसरा वाचक उपदेशाचा वास आला की पुस्तक मिटतो. दोघांकडूनही गोष्ट वाचायची राहून जाते. मला या पुस्तकांत शोधावीशी वाटते ती एकच जागा: लेखक प्रवचनकार म्हणून बसलेला असताना कथा त्याच्या हातातून सुटून स्वतःच्या पायांनी कुठे चालू लागली? ती जागा सापडली की तीन-चारशे वर्षांपूर्वीचं पुस्तकसुद्धा कालच लिहिल्यासारखं ताजं होतं.

सगळ्यात थक्क करणारी जागा जॉन बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये आहे. बनियन १६२८ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ जन्मला. बाप भांड्यांना डाग देणारा, पोरानंही तोच धंदा उचलला. परवान्याशिवाय प्रवचनं करतो म्हणून १६६० मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. 'पुन्हा करणार नाही' एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. तो म्हणाला नाही आणि बारा वर्षं आत राहिला. बाहेर बायकोमुलं, त्यात एक मुलगी आंधळी. आत बसून तो नाड्या तयार करून विकायला पाठवायचा, त्यावर घराला हातभार. त्या कोठडीतच पुस्तकाचा बराच भाग लिहिला गेला असं मानतात. १६७८ मध्ये ते छापलं आणि पुढे दोनशेहून अधिक भाषांत गेलं. मराठीत ते 'यमुनापर्यटन'च्याही आधी आलं: हरि केशवजींचं 'यात्रिकक्रमण', १८४१.

आराखडा अगदी सरळ आहे. पाठीवर पापाचं ओझं घेतलेला एक माणूस विनाशाच्या नगरातून निघतो आणि स्वर्गनगरीकडे चालू लागतो. वाटेत निराशेची दलदल, अवघड टेकडी, मिथ्या मौजमजेचा बाजार. माणसांची नावं म्हणजे गुण-अवगुणांचीच नावं. वारीला जाणाऱ्या मुलखाला चालत जाऊन देव गाठण्याची कल्पना कोणी समजावून सांगायला नको. असं रूपक म्हटलं की सगळं आधीच ठरलेलं असणार, असं वाटतं. आणि मग येतो संशयाचा किल्ला.

प्रवासी आणि त्याचा सोबती आडवाटेला लागतात, रात्री पावसात अडकतात आणि दुसऱ्याच्या जमिनीत झोपी जातात. जमीन निराशा नावाच्या राक्षसाची. तो दोघांना अंधारकोठडीत डांबतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. सोटा घेऊन बडवतो आणि वर सल्ला देतो की, सुटका नाहीच, तर सुरी, फास किंवा विष, काहीतरी पसंत करा आणि संपवा एकदाचं. इथपर्यंत रूपक आपल्या रुळावर आहे: खचलेल्या मनात मरणाचे विचार येतात, हे सांगायचं आहे. पण बनियन पुढे काय करतो बघा. तो या राक्षसाला बायको देतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नवराबायको बोलतात. आज दोन माणसं पकडली, त्यांचं काय करू? ती म्हणते, उठलास की झोडपून काढ. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच बोलणं. शेवटच्या रात्री तो कुरकुरतो की, एवढं मारलं तरी हे मरत कसे नाहीत. ती म्हणते, कोणी सोडवायला येईल अशी आशा असेल त्यांना, नाहीतर कुलूप उघडायला काहीतरी लपवलं असेल जवळ. तो म्हणतो, बरं, सकाळी झडती घेतो.

धर्मशिकवणीला या संवादाची काडीचीही गरज नव्हती. निराशेला बायको कशाला हवी, आणि तिच्याशी झोपण्याआधी दिवसभराच्या गप्पा कशाला? पण भांडी डागायला दारोदार हिंडलेल्या माणसानं अशी नवराबायको ऐकलेली होती, आणि लिहिता लिहिता ती आत शिरली. त्याहून अचाट तपशील पुढचा. या राक्षसाला मधूनमधून झटके येतात. कधी? स्वच्छ ऊन पडलं की. त्या वेळी त्याचा हात लुळा पडतो आणि कैद्यांना मारता येत नाही. बनियनची स्वतःची तरुणपणची वर्षं घोर विषादात गेली होती. १६६६ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्यानं ती पानंच्या पानं सांगितली आहेत. उजळ दिवशी मनावरची पकड काही काळ का होईना ढिली होते, हे ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच ठाऊक. शेवटी प्रवाशाला आठवतं की वचन नावाची किल्ली इतका वेळ आपल्या छातीशीच होती. दारं उघडतात, पण बाहेरच्या लोखंडी फाटकाचं कुलूप कमालीचं घट्ट फिरतं. उपदेश करणाऱ्यानं ते लोण्यासारखं फिरवलं असतं.

आता पदमनजींकडे. १८३१ मध्ये बेळगावला कासार घरात जन्म, मिशनच्या शाळेत शिक्षण, १८५४ मध्ये बाप्तिस्मा. तो सगळा प्रवास त्यांनी पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहिला. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये आणि वर्षभरात पंचविशी ओलांडलेल्या या तरुणाची कादंबरी बाहेर पडली. हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण हा विषय शीर्षकातच जोडलेला आहे. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर, विनायकरावांबरोबर, प्रवासाला निघते आणि गावोगावी विधवांच्या कहाण्या तिच्या कानांवर पडत जातात.

ही योजना किती धाडसी होती याचा विचार केला की मी दरवेळी थबकतो. १८५७ सालची एक तरुण बाई नवऱ्याबरोबर मुलूख बघत हिंडते आहे, ऐकते आहे, मत देते आहे. गावं परीकथेतली नाहीत. पंढरपूर म्हणजे आपलंच पंढरपूर. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठी कादंबरी अद्भुताच्या राज्यात शिरली. तिथून साध्या घरांत परत यायला तिला बरीच वर्षं लागली. पदमनजींच्या विधवा मात्र स्वयंपाकघरातल्या, माजघरातल्या. केशवपन, उपास, घरच्यांची हेटाळणी, गुपचूप जडलेले संबंध आणि त्यांची भयंकर किंमत, हे सगळं पुस्तकात येतं. प्रचार करायचा म्हणून लेखकाला पुरावे गोळा करावे लागले आणि त्या पुराव्यांतून कादंबरीला हवं असलेलं वास्तव आपोआप हाती आलं. यातलं कार्यकारण मला फार मोलाचं वाटतं. ज्या हेतूपायी आपण हे पुस्तक खालच्या पायरीवर बसवतो, त्याच हेतूनं लेखकाला बंद दारांमागे नेलं.

हाच हेतू शेवटी आडवाही येतो. विनायक जातो आणि इतरांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. इथे कथा ऐन भरात आली आहे. पण पुढे ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो, आणि गाठी भराभर सुटतात. बनियनच्या फाटकाचं कुलूप घट्ट होतं, पदमनजींचं पटकन उघडतं. परीक्षण लिहिताना ही उणीव सांगायलाच हवी, आणि सांगताना शेवटावरून मधल्या पानांना मार्क देऊ नयेत. तीसेक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' छापायला घेतली. तिची निवेदिकाही यमुनाच, घरच्यांची यमू. तीही विधवा होते, तिचंही केशवपन होतं. तिला मात्र सुटकेचं दार नाही. दोन्ही यमुना पाठोपाठ वाचल्या तर त्या तीसेक वर्षांत मराठी गद्याला काय काय करता येऊ लागलं ते डोळ्यांसमोर उलगडतं.

मुलांसाठीच्या पुस्तकांना वेगळी फूटपट्टी लागते. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशननं १८७०च्या दशकात 'बालबोधमेवा' सुरू केला, तेव्हापासून मुलांसाठीचं ख्रिस्ती वाङ्मय मराठीत आहे. पण या प्रकारातला चमत्कार पाहायचा तर सी. एस. लुईसच्या नार्नियाकडे वळावं लागतं. सात पुस्तकं, १९५० ते १९५६. लुईस ऐन तरुणपणी नास्तिक होता आणि तिशीत परत ख्रिस्ती झाला. तेव्हा अनेकांना वाटतं की त्यानं आधी शिकवण ठरवली आणि मग तिला सिंहाचं कातडं पांघरलं. त्यानं स्वतः सांगितलंय ते उलट आहे. सोळाव्या वर्षापासून एक चित्र त्याच्या डोक्यात होतं: बर्फाळ रान आणि छत्री, पुडकी सांभाळत चाललेला बकऱ्याच्या पायांचा माणूस. चाळिशीच्या आसपास त्यानं त्या चित्राची गोष्ट करायला घेतली. अस्लान हा सिंह मागाहून उडी मारून आत आला. लुईसला लहानपणी देवाबद्दल अमुक वाटलंच पाहिजे असं बजावलेलं असायचं आणि त्या सक्तीनंच वाटणं थिजून जायचं. गोष्टीत ती सक्ती नसते.

पहिल्या पुस्तकातला एडमंड भावंडांना दगा देतो तो मिठाईसाठी. चेटकीण त्याला टर्किश डिलाइटचा डबा देते आणि त्याची हाव सुटता सुटत नाही. आज वाचताना वाटतं, एवढ्याशा गोडासाठी? पण ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग उठलं १९५३ मध्ये. हे पुस्तक हातात घेणाऱ्या पहिल्या मुलांना मिठाई मोजून मिळत होती. डबाभर मिठाई एकट्यानं खाणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावायला नको होतं. मोहाचा धडा प्रौढांच्या भाषेत न देता मुलांच्या जिभेवर ठेवला, आणि म्हणून तो पोचला.

आणि किती पोचला! १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका आईनं कळवलं की आपला मुलगा काळजीत पडलाय, येशूपेक्षा अस्लानच आपल्याला जास्त आवडतो की काय म्हणून. लुईसनं तत्परतेनं उत्तर पाठवलं आणि मुलाला धीर दिला: अस्लानच्या ज्या कृतींवर तो प्रेम करतोय त्या येशूच्याच आहेत. मुलांच्या पुस्तकाचं परीक्षण करणाऱ्यानं हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मूल गोष्टीला गोष्ट मानून तिच्यात पूर्ण उतरतं. म्हणून मी तिथे शिकवण शोधायच्या आधी दोन गोष्टी बघतो: भीती खरी आहे का, आणि चूक करायची मोकळीक पात्राला खरोखर दिली आहे का. एडमंडला ती दिलेली आहे. शेवटच्या पुस्तकात सुझनला लिपस्टिक आणि पार्ट्यांच्या ओढीवरून नार्नियाबाहेर ठेवलं आहे, तिथे मात्र लुईसनं घाई केली असं मला वाटतं, आणि मुली हे पुस्तक वाचतात म्हणून ते स्पष्ट म्हणायला हवं.

अमेरिकेत ख्रिस्ती कादंबरीचा मोठा बाजार झाला. त्यातला एक किस्सा सांगण्याजोगा आहे. कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावी चार्ल्स शेल्डन नावाचे पाळक रविवारच्या सांजउपासनेत प्रवचनाऐवजी कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. माझ्या जागी येशू असता तर त्यानं काय केलं असतं, हा प्रश्न घेऊन वर्षभर जगायचं ठरवलेल्या माणसांची ती गोष्ट. पुढे काय होतं ते ऐकायला लोक पुढच्या रविवारी येत. १८९६ मध्ये ती छापली जाऊ लागली, स्वामित्वहक्काच्या नोंदणीत चूक राहिली, आणि वाटेल त्या प्रकाशकानं काढून ती जगभर पसरवली. प्रश्न जबरदस्त, कादंबरी बेतासबात.

माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत उंच शिखर जपानमध्ये आहे: शूसाकू एन्दोची 'मौन', १९६६. एन्दो कॅथलिक होता. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चाललेला असताना पोर्तुगीज पाद्री रॉड्रिग्स आपल्या गुरूचा शोध घेत तिथे जातो. लिस्बन, मग आपलं गोवं, मग मकाव, मग जपान. ख्रिस्ताची प्रतिमा पायाखाली तुडव, तरच तुझ्या लोकांचा छळ थांबेल, असं त्याला सांगतात. शेवटी तो पाय ठेवतो. श्रद्धेच्या कथेत नायकानंच धर्म सोडावा, यावर अनेक जपानी कॅथलिक नाराज झाले. देव गप्प का, हा प्रश्न एन्दोनं संपूर्ण ताकदीनं उभा राहू दिला. छळ करणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यानं मूर्ख केलं नाही. त्याच्या तोंडी पुस्तकातले काही सर्वांत बिनतोड युक्तिवाद आहेत.

कथा संपल्यावर एक परिशिष्ट येतं: ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यावरच्या अधिकाऱ्याची रोजनिशी. कोण आलं, कोण मेलं, कोणाची झडती घेतली, असा कोरडा दफ्तरी मजकूर. बरेच वाचक ते गाळतात. ते गाळू नका. धर्म सोडलेल्या त्या पाद्र्याकडून कित्येक वर्षांनी पुन्हा धर्मत्यागाचा कबुलीजबाब लिहून घेतला जात असल्याची नोंद तिथे आहे, आणि त्याच्या नोकराच्या गळ्यात एक ख्रिस्ती ताईत सापडल्याची. आधीच धर्म सोडलेल्या माणसाकडून तो पुन्हा का लिहून घ्यावा लागतो, हे एन्दो सांगत नाही.