नातवंडांची वाट, आपली साथ

अभियांत्रिकीची पदवी हाती आली, की घरातील तरुणासमोर दोन वाटा उभ्या राहतात: नागरी सेवा परीक्षेची तयारी किंवा परदेशातील उच्च शिक्षण. निर्णय त्याचा असला, तरी त्याची काळजी आजी-आजोबांच्या उशाशी येऊन बसते. म्हातारपणी जवळ कोण असेल, आयुष्यभराची पुंजी पुरेल का, हे प्रश्न ओठांवर येत नाहीत. पण झोप मात्र मोडतात. म्हणून या दोन्ही वाटांची नीट ओळख करून घेणे आपल्या स्वास्थ्यासाठीही हिताचे आहे.

परीक्षेची वाट

केंद्रीय लोकसेवा आयोगाची ही परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते. संपूर्ण प्रक्रियेस साधारण एक वर्ष लागते. कोणत्याही टप्प्यावर अपयश आले, तर पुन्हा पूर्व परीक्षेपासून आरंभ करावा लागतो. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास वयाच्या ३२ वर्षांपर्यंत ६ वेळा, तर इतर मागासवर्गीयांस ३५ वर्षांपर्यंत ९ वेळा परीक्षा देता येते. लाखो अर्जदारांतून निवड होते ती सुमारे हजार जणांची. म्हणजेच अपयश हा बुद्धीचा वा कष्टांचा अभाव नव्हे, हे आपण आधी स्वतःला पटवावे. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर कोणता मार्ग धरायचा, हे आरंभीच ठरलेले असले, तर उमेदीची वर्षे हातातून निसटत नाहीत.

घरी अभ्यास करणाऱ्या मुलाबाबत एक गोष्ट सहज विसरली जाते. ‘तो घरीच तर असतो’ म्हणून रुग्णाची सारी शुश्रूषा हळूहळू त्याच्याच माथी येते. दवाखान्याच्या फेऱ्या, औषधे, रात्रीचे जागरण यांची वाटणी कुटुंबात उघडपणे व्हावी आणि त्याचे अभ्यासाचे तास नोकरीच्या वेळेइतकेच अबाधित मानावेत.

परदेशाची वाट

पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत साधारण दोन वर्षांचा, तर ब्रिटनमध्ये बहुधा एका वर्षाचा असतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क आकारले जात नाही. मात्र निर्वाहासाठी पुरेशी रक्कम आपल्याजवळ असल्याचे आधी दाखवावे लागते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होतात, पण व्याज पहिल्यापासून चढत असते. मोठ्या कर्जास बँका तारण मागतात आणि तेथेच ज्येष्ठांचे घर किंवा मुदत ठेव पुढे येते.

येथे भावनेपेक्षा विवेकाला मान द्यावा. सहकर्जदार म्हणून केलेली सही केवळ साक्ष नसते. फेडीची जबाबदारीही आपल्यावर येते. परदेशी नोकरी लांबली तर हप्ते कोण भरणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे. राहते घर आणि आजारपणासाठी राखलेली ठेव शक्यतो या व्यवहाराबाहेर ठेवावी. असा नकार देणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. उद्या आपला उपचारखर्च त्याच तरुणावर पडू नये, हीही मायाच आहे.

आपण काय करावे?

‘आमचे काय होणार?’ हा प्रश्न नातवंडांपुढे ओझ्यासारखा टाकू नये, तसा तो मनात दडवूनही ठेवू नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून चालू औषधांची यादी, डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक, विम्याची कागदपत्रे आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्या शेजाऱ्यांची नावे एका वहीत लिहावीत. मूल परदेशी जाणार असेल, तर दूरध्वनीची ठरलेली वेळ असावी. मात्र प्रत्येक बारीक दुखणे लपवण्याची सवय नसावी. परीक्षा देणार असेल, तर निकालाची चौकशी रोज करू नये. त्याच्या जेवणाखाण्याची आणि झोपेची विचारपूस करावी.

उदासी वा निद्रानाश टिकून राहिला, मग तो नातवाचा असो वा आपला, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. हे दोन्ही क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.