छपरावरचे दहा सेकंद

कबुतरांच्या शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांचे डोळे दिपतात ते बहुधा लांब पल्ल्याच्या उड्डाणांनी. १९१३ साली रोमहून सुटून १,००१ मैलांवरच्या डर्बी या इंग्लंडमधील गावी परतलेला आणि पुढे ‘किंग ऑफ रोम’ म्हणून प्रसिद्धी पावलेला नर मेल्यावर पेंढा भरून तिथल्या संग्रहालयात जाऊन बसला, आणि बार्सिलोनाहून सुटणाऱ्या शर्यतीतील विजेत्यांचा गाजावाजा अजूनही होतो. परंतु ज्या कामकरी माणसांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जगवला, त्यांचा रविवार अशा उड्डाणांवर चालत नव्हता. बेल्जियममध्ये, विशेषतः फ्लेमिश भाषकांच्या मुलखात, खेळ म्हणजे कमी पल्ल्याची शर्यत: सकाळी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून सोडलेली कबुतरे तासा-दीड तासात घरी, दुपारी गुत्त्यात निकाल आणि संध्याकाळी पैशांची वाटणी. फ्रेंच भाषेत ‘व्हितेस’, म्हणजे वेग, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला संशोधकांनी किरकोळ मानले आहे. वस्तुतः पक्ष्याच्या पंखांइतकीच पाळणाऱ्याच्या हाताची आणि डोक्याची परीक्षा जर कोठे होत असेल, तर ती येथेच.

भारतीय वाचकाला परिचित असलेल्या कबूतरबाजीशी या खेळाचे नाते जवळजवळ उलटे आहे. आपल्याकडे कबुतर स्वतःच्याच छपरावर किती उंच आणि किती तास तरंगत राहते यावर मालकाची इभ्रत ठरते. बेल्जियममध्ये घराशी पोचलेला पक्षी दोन घिरट्या जास्त घालू लागला की मालकाच्या तोंडचे पाणी पळते, कारण पक्षी ढाबळीत, म्हणजे कबुतरांसाठी माळ्यावर किंवा परसात बांधलेल्या लाकडी खोलीत, शिरल्याशिवाय त्याची वेळ नोंदवता येत नाही.

या आखूड पल्ल्याची उपयुक्तता खेळाआधी व्यापाराने ओळखली होती, याचा एक कागदोपत्री पुरावा उपलब्ध आहे. १८५० साली बर्लिनकडून येणारी तारयंत्राची वाहिनी आखेन या जर्मन शहरात संपत होती आणि पॅरिसकडून येणारी ब्रुसेल्समध्ये. मधल्या सुमारे १२० किलोमीटरच्या खिंडारावर पॉल ज्युलियस रॉयटर या उद्योगी गृहस्थाची नजर गेली. त्याने आखेनमधील हाइनरिश गेलर या इसमाशी २४ एप्रिल १८५० रोजी लेखी करार करून त्याची चाळीसहून अधिक कबुतरे कामाला लावली. बिअर गाळणे आणि पाव भाजणे या गेलरच्या धंद्यांच्या जोडीला कबुतरांचा नाद होता, आणि जगातील एका बलाढ्य वृत्तसंस्थेच्या पायाभरणीत त्या नादाचा वाटा केवढा, याची दखल रॉयटरच्या चरित्रांत ओझरतीच घेतली जाते. पक्षी रेल्वेने ब्रुसेल्सला जात, शेअरबाजाराचे भाव पातळ कागदावर लिहून त्यांच्याबरोबर धाडले जात, आणि एखादे कबुतर ससाण्याच्या तावडीत सापडेल या धास्तीने एकच मजकूर तीन पक्ष्यांकडे दिला जाई. आगगाडीला सहा तासांवर लागत. कबुतर दोन तासांत आखेन गाठी. तारयंत्राच्या वाहिन्या जोडल्या गेल्यावर हा उद्योग आटोपला. हा करार अपवादात्मक वाटला तरी त्यातील अंतर, रेल्वेने पक्षी नेण्याची रीत आणि छपरावर डोळे लावून बसणे, हे सर्व पुढील शंभर वर्षांच्या रविवारच्या खेळात जसेच्या तसे आढळते.

शर्यतीच्या कबुतराची पैदास स्मर्ल, उंच उडणारे क्युम्युलेट, इंग्रजी ड्रॅगून आणि हॉर्समन अशा जातींच्या संकरातून अँटवर्प आणि लिएज या शहरांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात झाली, एवढे सांगून पुढे जाण्यास हरकत नाही. या वंशावळींवर लिहिली गेलेली पाने बरीच असली तरी त्यांतील पुष्कळसा भाग विक्रेत्यांच्या जाहिरातबाजीचा आहे.

अँटवर्पच्या परिसरातील कमी पल्ल्याच्या शर्यतींचे माहेरघर म्हणजे क्येव्रँ हे फ्रान्सच्या सीमेला टेकलेले बेल्जियन गाव. ते अँटवर्पपासून सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर आहे. आदल्या संध्याकाळी मंडळाच्या गुत्त्यात वेताच्या करंड्या मांडल्या जात. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रबरी कडी चढवली जाई, तिच्यावर क्रमांक असे आणि लबाडी पकडता यावी म्हणून आतल्या अंगाला एक गुप्त खूण. मालकाने आपले पक्षी नोंदवहीत कोणत्या क्रमाने लिहायचे हा गमतीचा भाग नव्हता, कारण पहिला लिहिलेला पक्षी म्हणजे ज्याच्यावर मालकाचा सर्वाधिक भरवसा तो, आणि पैजेची मोठी रक्कम त्याच्यावरच लावली जाई. करंड्या पूर्वी रेल्वेने आणि पुढे मालमोटारीने रवाना होत. सकाळी सोडणाऱ्या माणसाने ढग व वारा पाहून झाकणे उघडली की सुटण्याची वेळ घरोघर कळवली जाई. बेल्जियन आकाशवाणीवर रविवारी सकाळी गावांची नावे आणि सुटण्याच्या वेळा वाचून दाखवण्याची प्रथाच होती.

निकाल अंतर आणि वेळ यांच्या भागाकाराने, मिनिटाला किती मीटर या मापात काढला जातो. प्रत्येक ढाबळीचे सोडण्याच्या जागेपासूनचे अंतर मोजणीदाराकडून काटेकोर मोजून घेतलेले असते. बऱ्या हवेत मिनिटाला १,५०० मीटर हा वेग सहज येतो आणि त्या वेगाने १०० किलोमीटरला सुमारे ६७ मिनिटे पुरतात. आता समजा, पक्षी छपराच्या कडेवर दहा सेकंद बसून राहिला, तर त्याची सरासरी मिनिटाला जवळपास पावणेचार मीटरने घसरते. हेच दहा सेकंद १,००० किलोमीटरच्या शर्यतीत गमावले, तर घसरण अर्ध्या मीटरहूनही कमी होते. लांब पल्ल्यात जो आळस माफ असतो तो क्येव्रँच्या रविवारी डझनभर क्रमांक खाली ढकलतो, आणि कमी पल्ल्याच्या खेळाडूंची सारी विद्या या दहा सेकंदांभोवती फिरते. त्यांचे पक्षी हलके आणि थोडे भुकेले ठेवले जातात, आठवड्याच्या सुरुवातीला जवासारखा हलका दाणा मिळतो, आणि पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवले की आत धाव घेण्याची सवय पिल्लूपणापासून अंगी बाणवली जाते. शर्यतीच्या सकाळी घरात पाहुणा आला, शेजारच्या बाईने नेमकी पांढरी चादर दोरीवर टाकली किंवा मालकानेच वेगळ्या रंगाचा सदरा घातला, तरी बिथरलेला पक्षी छपरावरून हलत नाही. अशा सकाळी गल्लीतील मुलांना दटावून गप्प बसवले जाई.

पक्षी आत शिरला तरी काम संपत नसे. शर्यतीची घड्याळे येण्यापूर्वी वेळ मोजली जाई ती मंडळाच्या गुत्त्यात, त्यामुळे पक्षी पकडून पिशवीत घालायचा आणि ती पिशवी घेऊन एखाद्या चपळ पोराने जिवाच्या आकांताने पळत सुटायचे, असा प्रघात होता. ढाबळ ते गुत्ता हे अंतर मोजून धावण्यासाठी ठराविक सूट दिली जाई, आणि सूट ठरलेली म्हटल्यावर त्याहून जोरात पळणारा पोरगा हा निव्वळ नफा ठरे. म्हणून चांगला पळणारा मुलगा घरचा नसल्यास पैसे देऊन मिळवला जाई. कबुतरांच्या शर्यतीत माणसांची शर्यत अशी बेमालूम मिसळलेली असताना त्या मुलांची नावे निकालपत्रकांत येत नसत, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पसरलेल्या घड्याळांनी हे धावणे संपवले. लाकडी पेटीतील या यंत्रात, ज्यांत ब्लॅक फॉरेस्ट भागातील बेन्झिंग कारखान्याची घड्याळे विशेष नावाजली, पक्ष्याच्या पायातील रबरी कडी उतरवून धातूच्या लहान टोपणात घालून भोकात टाकायची आणि मूठ फिरवायची, की आतल्या कागदाच्या पट्टीवर वेळ उमटे. सर्व घड्याळे आदल्या रात्री मुख्य घड्याळाशी जुळवून मोहोरबंद होत आणि शर्यतीनंतर पुन्हा एकत्र तपासली जात. मधल्या काळात एखादे पुढे किंवा मागे गेले असेल तर तो फरक प्रमाणाने वाटून वेळ दुरुस्त केली जाई. घाईत कडी ओढताना बोटे थरथरणे, टोपण जमिनीवर घरंगळणे, पक्षी हातून निसटून पुन्हा आढ्यावर जाऊन बसणे, या आपत्तींनी किती बक्षिसे घालवली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पक्ष्याला घराची ओढ लावण्याच्या उपायांत सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त ठरलेला उपाय म्हणजे ‘वैधुर्य’ पद्धत. तिच्यात हिवाळ्याच्या अखेरीस जोड्या लावून बहुधा एखादे पिल्लू वाढवू दिले जाते आणि मग माद्या काढून घेतल्या जातात. नर आठवडाभर आपापल्या कप्प्यात, अर्धवट अंधारात, एकटा राहतो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कप्प्यातील पालथे घातलेले मातीचे घरटे उलटवून काही मिनिटे मादी त्याच्यापुढे आणली जाते, आणि परतल्यावर ती पुन्हा त्याला भेटते. निघण्यापूर्वी मादी दाखवावी की दाखवू नये, आणि दाखवलीच तर किती वेळ, यावरून बेल्जियन खेळाडूंत वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालली. दाखवल्याने नर करंडीतच तडफडून दमतो, असे एका पक्षाचे म्हणणे, तर न दाखवल्यास तो परतण्याचे कारणच विसरतो, असे दुसऱ्याचे. जुन्या वळणाचे लोक मात्र जोडी न फोडता दहाएक दिवस अंडी उबवत बसलेली किंवा नुकते पिल्लू फुटलेली मादी पाठवत आणि तीच खरी नैसर्गिक रीत मानत. वैधुर्य पद्धतीच्या वर्णनात प्रेम, निष्ठा असे शब्द सढळ हाताने वापरले जातात. ते मनावर घेण्याचे कारण नाही, कारण ही बेतून घडवलेली वंचना आहे. अर्थात पिल्लांना भरवण्यात न झिजलेला आणि आठवडाभर निवांत बसलेला नर ताजातवाना असतो, हेही तितकेच खरे.

दुसरा वाद ढाबळीच्या ठावठिकाण्याचा, आणि त्यावर तोडगा नाही. कमी अंतरात थवा फुटायला वेळच मिळत नाही, म्हणून हजारो पक्षी एकगठ्ठा येतात आणि ज्याचे घर थव्याच्या वाटेवर त्याचे फावते, तर ज्याला थव्यातून एकट्याने बाजूला वळायचे त्याचा पक्षी मागे पडतो. पश्चिमेचा वारा थवा पूर्वेकडे रेटतो. समोरचा वारा जवळच्यांना आणि पाठीचा दूरच्यांना लाभतो. गावागणिक मंडळे फुटली, खेळाच्या हद्दी पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या आणि शेजाऱ्यांनी बोलणे टाकले, त्यांमागे बहुतेक वेळा हा वाराच होता.

महायुद्धांनी खेळ दोनदा बंद पाडला. १९१४ मध्ये जर्मन सैन्य अँटवर्पच्या दाराशी आले तेव्हा बेल्जियन लष्कराच्या कबूतरखात्याचा प्रमुख कमांडंट देन्वी याने सुमारे २,५०० पक्षी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळून टाकले. ब्रुसेल्समध्ये १९३१ साली उभारलेले ‘सैनिक कबुतरा’चे स्मारक आजही पाहता येते.

कमी पल्ल्याच्या खेळाला जगभर पोचवण्याचे श्रेय मात्र आरेंडॉंक या डच सीमेजवळच्या, सिगार वळण्यावर जगणाऱ्या गावातील यान्सेन बंधूंना द्यावे लागते. वडील द्रिक्स्के यांनी लावलेली ढाबळ त्यांच्या मुलांनी चालवली. त्यांपैकी बरीच भावंडे अविवाहित राहून त्याच जुन्या घरात म्हातारी झाली आणि घरावरच्या माळ्यातील पक्ष्यांत बाहेरचे रक्त त्यांनी फार क्वचित येऊ दिले. अशा मोजक्या अपवादांतून, लिएजच्या फाब्री यांच्या पक्ष्याशी केलेल्या संकरातून, ‘हाल्व्हे फाब्री’ हा नर निघाला. १९६७ च्या एका नराला सायकलपटू एडी मर्क्सचे नाव मिळाले, आणि फ्लेमिश रविवारचे हे दोन वेडाचार एका नावात एकत्र आले. यान्सेन रक्ताची पिल्ले युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियात गेली. २०२० साली ‘न्यू किम’ नावाची बेल्जियन मादी लिलावात १६ लाख युरोंना एका चिनी ग्राहकाने घेतली, पण तिची कीर्ती मध्यम पल्ल्याच्या राष्ट्रीय शर्यतींतली. बाजाराने क्येव्रँच्या रविवाराला असा भाव कधीच दिला नाही.

आता पायातील चिप ढाबळीच्या उंबऱ्यावरच वेळ नोंदवते, त्यामुळे पकडापकडी आणि टोपणे इतिहासजमा झाली, तरी छपरावर बसलेला पक्षी अजूनही नोंदला जात नाही. त्याहून मोठा फरक केला तो सामाईक ढाबळीच्या शर्यतींनी. दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या लक्षावधी डॉलरच्या शर्यतीसारख्या स्पर्धांत देशोदेशींचे मालक काही आठवड्यांची पिल्ले पाठवून देतात, ती एकाच ढाबळीत त्याच माणसांच्या हातून वाढतात आणि एकाच दारात परततात. वाऱ्याचा व ठावठिकाण्याचा वाद येथे खरोखरच मिटला. परंतु दाणा कोणी हलका ठेवला, पक्ष्याला आत येण्याची सवय कोणी लावली, या प्रश्नांचे उत्तर आता पगारी सेवकांकडे आहे, आणि बक्षीस मात्र दूरदेशी बसून पडद्यावर निकाल पाहणाऱ्या मालकाच्या पदरात पडते.