धक्काशोषक चिमटा, डोंगरी सायकलीचा

धक्काशोषक चिमटा, डोंगरी सायकलीचा : खडकाळ वाटा, झाडांची उघडी मुळे व उतार यांवरून चालविण्याच्या सायकलीचे पुढील चाक धरणारा व चाकाला बसणारे धक्के सौम्य करणारा चिमटा. त्याची लांबी धक्क्याबरोबर कमी होते व नंतर पूर्ववत होते. बाजारात तो ‘सस्पेन्शन फोर्क’ या नावाने ओळखला जातो. सुटे भाग निवडून सायकल स्वतः जुळविणाऱ्यांच्या दृष्टीने हा सर्वांत खर्चिक भागांपैकी एक होय. त्यामुळे काटकसरीची इच्छा प्रथम येथेच होते आणि चुकीच्या निवडीचे परिणामही येथेच अधिक जाणवतात. कारण सायकलीचे वळणे, थांबणे व तोल राखणे ही तिन्ही कामे पुढील चाकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

इतिहास : सायकलीला स्प्रिंगा बसविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही झाले होते; परंतु हवा भरलेल्या धावा प्रचारात आल्यावर साध्या रस्त्यांसाठी त्यांची गरज उरली नाही. मोटारसायकलींत मात्र या तंत्राचा विकास होत राहिला व १९३५ साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आर-१२ या मोटारसायकलीवर तेलाने अवमंदन होणारा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा आला. डोंगरी सायकलीचा उगम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन काउंटीत १९७० नंतरच्या दशकात झाला. तेथील तरुण जुन्या, जड सायकली डोंगरउतारावरून हाकीत. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार होणारी डोंगरी सायकल विक्रीस आली. तिचा चिमटा कडक, म्हणजे न दबणारा होता.

पॉल टर्नर व स्टीव्ह सायमन्स यांनी १९८९ च्या सुमारास ‘रॉकशॉक्स आरएस-१’ हा हवा व तेल यांवर चालणारा, सु. ५० मिमी. चालीचा चिमटा तयार केला. १९९० मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत पुरुषांची उताराची शर्यत ग्रेग हरबोल्ड यांनी हा चिमटा लावलेल्या सायकलीवर जिंकली. याच सुमारास डग ब्रॅडबरी यांच्या ‘मॅनिटू’ चिमट्यात रबरासारख्या स्थितिस्थापक पदार्थाचे तुकडे स्प्रिंगच्या जागी वापरले गेले. पुढील दहा वर्षांत धक्काशोषक चिमटा ही शर्यतीतील नवलाई न राहता सर्वसाधारण डोंगरी सायकलीचा भाग बनला व त्याच्या स्वस्त आवृत्त्याही निघाल्या.

रचना व कार्य : चिमट्याच्या शेंड्याला चौकटीच्या शीर्ष नळीतून वर जाणारी सुकाणू नळी असते. तिच्या पायथ्याशी असलेल्या आडव्या मुकुटात दोन गुळगुळीत नळ्या पक्क्या बसविलेल्या असतात. त्यांवर दोन रुंद नळ्यांचा, कमानीने जोडलेला खालचा भाग वरखाली सरकतो. हा भाग बहुधा मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. चाकाचा आस त्याच्या टोकांना बसतो. सरकण्याच्या कमाल अंतरास चाल म्हणतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या सायकलींस सामान्यतः १०० ते १२० मिमी., सर्वसाधारण डोंगरवाटांसाठी १२० ते १५० मिमी. व तीव्र उतारांसाठी त्याहून अधिक चाल ठेवतात.

चिमट्यात दोन स्वतंत्र क्रिया घडतात. पहिली क्रिया स्प्रिंगची होय : चाक दगडावर आदळले की स्प्रिंग दबते व धक्क्याची ऊर्जा साठविते. ही ऊर्जा नष्ट झालेली नसते. स्प्रिंग ती लगेच परत करते व सायकलीचा पुढचा भाग वर उसळतो. म्हणून दुसरी क्रिया, म्हणजे अवमंदन, आवश्यक ठरते. यासाठी एका नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून जाते आणि त्याच्या श्यानतेमुळे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. अवमंदन नसलेला चिमटा लागोपाठच्या दगडांवर उसळ्या मारू लागतो, चाक जमिनीवरून सुटते व ते सुटलेले असेपर्यंत ब्रेक आणि हँडल ही दोन्ही निरुपयोगी ठरतात. स्वस्त व महाग चिमट्यांतील खरा फरक चालीच्या लांबीत नसून बहुतांशी अवमंदनात असतो.

स्प्रिंगचे प्रकार : कमी किंमतीच्या चिमट्यांत पोलादी मळसूत्राकार स्प्रिंग असते. ती टिकाऊ असते व तिची फारशी निगा राखावी लागत नाही. पण ती जड असते आणि एका ठराविक वजनाच्या स्वारालाच योग्य ठरते. वरच्या टोकावरील फिरकीने स्प्रिंगला केवळ पूर्वताण देता येतो; तिची ताठरता बदलत नाही. त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते व स्वस्त चिमट्यांसाठी वेगळ्या ताठरतेची स्प्रिंग मिळतेच असे नाही.

दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगचे काम बंदिस्त हवा करते. तिचा दाब सामान्यतः ३.५ ते १० किग्रॅ./चौ.सेंमी. यांदरम्यान ठेवतात व तो विशेष हातपंपाने स्वाराच्या वजनाप्रमाणे कमीअधिक करता येतो. हवा जसजशी दबते तसतसा तिचा विरोध वेगाने वाढतो. त्यामुळे मोठ्या धक्क्याच्या वेळी चिमटा तळाला आदळण्याचा संभव कमी होतो. स्वार बसल्यावर चालीचा काही भाग दबलेला असावा लागतो. या दबण्याला ‘सॅग’ म्हणतात व ते चालीच्या सु. १५ ते ३० टक्के ठेवतात. उदा., १०० मिमी. चालीचा चिमटा २० टक्के सॅगसाठी २० मिमी. दबला पाहिजे. फार हलक्या किंवा फार जड स्वारांना पोलादी स्प्रिंगेत हे प्रमाण साधणे कठीण जाते. म्हणून त्यांच्या दृष्टीने हवेचा चिमटा थोडा महाग असला, तरी अधिक किफायतशीर ठरतो.

चौकटीशी जुळणी : चिमटा स्वस्त मिळाला तरी तो चौकटीस व चाकास जुळत नसेल, तर ती खरेदी वाया जाते. यासाठी पुढील मापे अगोदर घ्यावी लागतात.

(१) सुकाणू नळी : हिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सरळ नळीचा व्यास सर्वत्र २८.६ मिमी. (सव्वा इंचाहून अष्टमांश इंच कमी) असतो. निमुळती नळी वर तेवढीच, पण तळाशी सु. ३८ मिमी. असते. जुन्या चौकटींच्या शीर्ष नळीचा आतील व्यास ३४ मिमी. असून तीत निमुळती नळी बसू शकत नाही. ४४ मिमी. आतील व्यासाच्या नळीत ती बाहेरून बसणाऱ्या खालच्या धारव्याच्या साहाय्याने बसविता येते. याउलट निमुळत्या शीर्ष नळीत सरळ सुकाणू नळी योग्य धारवा वापरून चालते. वापरलेला चिमटा घेताना सुकाणू नळी कितपत कापलेली आहे हे मोजणे अगत्याचे असते. शीर्ष नळी, धारवे, कडी व हँडलचा दांडा यांच्या एकूण उंचीला ती पुरली पाहिजे. आखूड नळीला जोड देऊन ती लांब करणे धोक्याचे असते.

(२) चाल व उंची : प्रत्येक चौकट विशिष्ट चालीचा चिमटा गृहीत धरून आखलेली असते. आसापासून मुकुटापर्यंतची उंची २० मिमी.ने वाढली, तर शीर्ष नळीचा कोन सु. १° ने कमी होतो. सायकल चढावर पुढचे चाक उचलू लागते, कमी वेगात हँडल जड व डळमळीत वाटते. शिवाय तरफेची लांबी वाढल्याने शीर्ष नळीच्या जोडावर अधिक ताण पडतो व तेथे तडा जाऊ शकतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या कमाल चालीपलीकडे जाऊ नये.

(३) चाक : धाव बसण्याचा व्यास २६ इंची चाकात ५५९, साडेसत्तावीस इंचीत ५८४ व २९ इंचीत ६२२ मिमी. असतो. लहान चाकासाठीच्या चिमट्यात मोठे चाक बसविल्यास तो पूर्ण दबताच धाव मुकुटाला घासून चाक एकाएकी अडकण्याचा धोका असतो. हवेच्या चिमट्यात हवा सोडून तो पूर्ण दाबून पाहिल्यास पुरेशी मोकळी जागा उरते की नाही ते कळते.

(४) आस व ब्रेक : जुन्या पद्धतीत १०० मिमी. रुंदीच्या तुंब्याला उघड्या खाचांत बसणारा ९ मिमी.चा आस असतो. नव्या पद्धतीत १५ मिमी.चा आरपार आस असून तुंब्याची रुंदी १०० किंवा ११० मिमी. असते. आरपार आसामुळे दोन्ही पाय एकत्र बांधले जातात व चिमटा कमी पिळतो. तसेच अनेक नव्या चिमट्यांना केवळ डिस्क ब्रेक बसतो. धावेच्या कड्यावर दाबणाऱ्या ब्रेकसाठी लागणाऱ्या खुंट्या त्यांवर नसतात. चिमटा बदलताना त्यामुळे चाक व ब्रेक हेही बदलावे लागले, तर मूळ बचत नाहीशी होते.

दृढता व वजन : सरकत्या नळ्यांचा व्यास स्वस्त चिमट्यांत बहुधा २८ ते ३० मिमी., मध्यम प्रतीच्या चिमट्यांत ३२ ते ३५ मिमी. असतो. पातळ नळीची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची ३२ मिमी.ची नळी २८ मिमी.च्या नळीपेक्षा सु. ५० टक्के अधिक दृढ असते. पोलादी स्प्रिंगेचे स्वस्त चिमटे सामान्यतः सु. २.५ किग्रॅ. वजनाचे, तर मध्यम किंमतीचे हवेचे चिमटे २ किग्रॅ.च्या आसपास असतात. कडक पोलादी चिमटा सु. १ ते १.३ किग्रॅ. भरतो.

मर्यादित खर्चातील निवड : खर्च वाचविण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला म्हणजे प्रस्थापित उत्पादकांच्या प्राथमिक श्रेणीतील नवा चिमटा घेणे. यात परतीच्या गतीचे नियमन करणारी फिरकी आहे की नाही हे पाहावे. पाय जखडून ठेवणारा ‘लॉकआउट’ खटका चढावर उपयोगी असला, तरी त्याचे असणे म्हणजे चांगले अवमंदन असणे नव्हे. परीक्षेसाठी हँडल दाबून एकदम सोडावे. चिमटा वर येऊन आदळला किंवा डोलत राहिला, तर अवमंदन अपुरे समजावे. कित्येक स्वस्त चिमट्यांवर ते खडतर वापरासाठी नाहीत अशी सूचना उत्पादकानेच छापलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरा मार्ग वापरलेला चिमटा घेण्याचा. तेवढ्याच पैशात बरीच वरची प्रत मिळते. परंतु परीक्षण कसून करावे लागते. सरकत्या नळ्यांवरील लेप झिजून खालची धातू दिसत असल्यास किंवा त्यांवर नखाला लागणारे ओरखडे असल्यास तो घेऊ नये. या नळ्या मुकुटात घट्ट दाबून बसविलेल्या असतात; त्यामुळे बहुतेक चिमट्यांत एक नळी बदलण्यासाठी मुकुटासह सर्व वरचा भाग बदलावा लागतो. पुढील ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविल्यास बुशांतील ढिलेपणा कळतो. मुकुटातून करकर आवाज येणे, कमानीवर तडा असणे ही नाकारण्यास पुरेशी कारणे होत. त्या प्रतिकृतीची सील व सुटे भाग अजून मिळतात की नाही याचीही चौकशी करावी.

तिसरा मार्ग अनेकांच्या ध्यानात येत नाही : चांगल्या धक्काशोषक चिमट्याइतका पैसा नसल्यास कडक चिमटा व रुंद धाव यांचा वापर करावा. रुंद धावेत हवेचा दाब कमी ठेवता येतो व लहान धक्के तीच शोषून घेते. अवमंदन नसलेल्या जड चिमट्यापेक्षा ही जुळणी हलकी, दृढ व बहुतेक कच्च्या रस्त्यांवर अधिक विश्वासार्ह असते. धक्काशोषक चिमट्याच्या उंचीएवढाच उंच केलेला कडक चिमटा मिळतो. तो घेतल्यास चौकटीचे कोन बदलत नाहीत व पुढे पैसे जमल्यावर धक्काशोषक चिमटा बसविता येतो.

जुन्या चौकटीच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. ३४ मिमी.ची शीर्ष नळी, २६ इंची चाके व ८० मिमी. चाल यांसाठी आखलेल्या पोलादी चौकटीला आज सहज मिळणारे बहुतेक नवे चिमटे बसत नाहीत. अशा वेळी मापात बसणारा वापरलेला चिमटा किंवा कडक चिमटा हेच दोन व्यवहार्य पर्याय उरतात.

निगा : चिमट्याची खरी किंमत त्याच्या देखभालीसह मोजावी लागते. फेरीनंतर सरकत्या नळ्या व सील फडक्याने पुसाव्यात. तेथे पाण्याचा जोराचा झोत मारू नये, कारण त्याने माती सीलच्या आत जाते. सु. ५० तासांच्या वापरानंतर खालचा भाग उतरवून जुने तेल काढणे, बुश व सील स्वच्छ करणे आणि नवे तेल घालणे अशी शिफारस अनेक उत्पादक करतात. चिखल व पाऊस असताना हे काम आधीच करावे. ही निगा न राखल्यास माती व कोरडे घर्षण यांमुळे नळ्यांचा लेप झिजतो. चांगला चिमटाही मग थोड्याच काळात निरुपयोगी होतो, तर नियमित तेल मिळालेला साधा चिमटा अनेक वर्षे काम देतो.